पहाटेची देवी नेमकी कोणती? चित्रं ओळखताना या चुका टाळा

पहिला घोटाळा होतो रथापाशी. रोममध्ये ग्विदो रेनीने १६१४ साली छतावर रंगवलेलं ‘ऑरोरा’ घ्या. ऑरोरा म्हणजे रोमनांची पहाटेची देवी, तेव्हा रथात तीच असणार, असं आपण धरून चालतो. पण रथात सूर्यदेव अपोलो बसलाय. ऑरोरा त्याच्या पुढे, फुलं घेऊन ढगांवरून निघालीय. रथाभोवतीच्या बायका दासी नव्हेत, त्या ‘होरा’, काळाच्या देवता. (आपल्या ज्योतिषातला ‘होरा’ हा शब्दही ग्रीकांकडूनच आलेला.) त्याच रोममध्ये सात वर्षांनी ग्वेर्चिनोने रंगवलेल्या छतावर मात्र रथ खुद्द ऑरोराचा आहे. तेव्हा रथ पाहून निकाल देऊ नका.

दुसरी चूक आपली भाषा करायला लावते. पहाट, दुपार, संध्याकाळ, रात्र, सगळ्या ‘ती’. त्यामुळे प्रत्येक प्रहर बाईच्याच रूपात असेल असं वाटतं. फ्लॉरेन्समध्ये मायकेलअँजेलोने मेदिची घराण्याच्या थडग्यांवर घडवलेली शिल्पं बघा: रात्र आणि पहाट स्त्रिया, दिवस आणि सांज पुरुष. इटालियन व्याकरणात त्या शब्दांची लिंगं तशीच आहेत. पण हा नियम सगळीकडे लावायला गेलात तर पुन्हा फसाल. फ्रेंचमध्ये दिवस आणि सांज पुल्लिंगी, तरी फ्रेंच चित्रकार बुगरोने १८८१ ते १८८४ दरम्यान चारही प्रहर स्त्रियाच रंगवल्या.

बुगरोच्या पहाट आणि सांजेत हमखास गल्लत होते. दोघी पाण्याला जेमतेम पाय टेकवून उभ्या. पहाट लिलीचा वास घेतेय. सांजेच्या अंगावर गडद झिरझिरीत वस्त्र आहे आणि मागे चंद्रकोर. रात्रीजवळची घुबडं अपशकुनी नाहीत, ती फक्त रात्रीची खूण. आणि ही पहाट बर्मिंगहॅमला आहे म्हणून इंग्लंडचं तिकीट काढू नका, ते बर्मिंगहॅम अमेरिकेतल्या अलाबामातलं. सांज हवानात, रात्र वॉशिंग्टनमध्ये.

आपल्याकडची चूक तर नावातच दडलीय. राजा रविवर्म्याची उषा म्हणजे ऋग्वेदातली पहाटेची देवी उषा नव्हे. ती बाणासुराची मुलगी. तिला स्वप्नात अनिरुद्ध दिसला, आणि तो कोण हे कळावं म्हणून तिच्या सखीला, चित्रलेखेला, एकामागून एक चेहरे काढून दाखवावे लागले.