गाईच्या आंबोणात (खुराकात) यीस्ट घालताय?

बारामती-इंदापूरकडे उसाचं वाढं संपलं की गाईला एकदम मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) आणि वर मक्याचा भरडा सुरू होतो. चार दिवसांत शेण पातळ, फेसाळ, त्यात अख्खे दाणे. गाय बसलेली, पण रवंथ नाही. म्हणजे पोटात आम्लता वाढली. इथे जिवंत यीस्टचा उपयोग होतो. ते कोटीपोटात (गाईच्या पोटाच्या सगळ्यात मोठ्या कप्प्यात) शिरलेला थोडाफार ऑक्सिजन संपवतं, त्यामुळे वैरणीतले तंतू पचवणारे जिवाणू जोम धरतात आणि आम्लता आवरते.

मात्रा पुड्यावरचीच घ्या. एका कंपनीचे १० ग्रॅम म्हणजे दुसरीचे १० ग्रॅम नव्हेत. जिवंत पेशींची संख्या वेगळी असते. आणि गरम आंबोणात टाकू नका! मी पहिला डबा असाच घालवला, शिवाय उरलेला पत्र्याखाली उन्हात ठेवला होता. आंबोण कोमट झालं की वरून मिसळा, रोज, खाडा न करता. विण्याआधी दोन-तीन आठवडे सुरू केलेलं चांगलं.

भरडा मात्र हळूहळूच वाढवा, सोबत कडबा हवाच. यीस्ट घातलं म्हणून वाटेल तेवढा मका चालत नाही. गाईने खाणंच सोडलं, पोट फुगलं, तर पुडा बाजूला ठेवून डॉक्टरांना बोलवा.