जपानी सुलेखनाची रचना कशी पाहावी

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या बाजारपेठेत मराठी आणि कन्नड पाट्या शेजारीशेजारी पाहत वाढलेल्या माणसाला दुसरी लिपी परकी वाटत नाही. मात्र अक्षर दिसताच नजर अर्थाकडे धावते, आणि शोदो, म्हणजेच जपानी सुलेखन, पाहताना हीच सवय आड येते. म्हणून कलाकृतीची छापील प्रत उलटी धरावी आणि आधी केवळ कोरी जागा पाहावी. दोन ओळींमधले अंतर आणि अक्षराच्या पोटात अडकलेला पांढरा तुकडा यांचा विचार कलाकाराने शाईइतकाच केलेला असतो.

मग प्रत सुलट करावी. पारंपरिक लेखनात ओळी उभ्या असतात आणि त्या उजवीकडून डावीकडे वाचल्या जातात. ओळीवर एक दोरा ताणून धरला, तर कोणते अक्षर मध्यरेषेवरून कलले आहे आणि पुढच्या अक्षराने तो कल कसा सावरला आहे, हे स्पष्ट दिसते. माझ्या मते रचनेचा प्राण या सावरण्यातच आहे.

यानंतर शाईचा माग काढावा. कुंचला नुकताच बुडवलेला असतो तिथे रेघ गडद असते आणि तिच्या कडा कागदात किंचित फुटतात; शाई सरत जाते तसे कुंचल्याच्या केसांचे ओरखडे उमटतात आणि त्यांमधून कागद डोकावतो. रेघ एकदा ओढली की ती पुन्हा गिरवायची नसते, त्यामुळे हातातला वेग आणि थांबा कागदावर जसाच्या तसा राहतो. बोटाने त्याच क्रमाने रेघा गिरवून पाहिल्यास हे अधिक चांगले उमगते.

काइशो शैलीत प्रत्येक रेघ सुटी असते, ग्योशोत रेघा एकमेकींकडे झुकतात आणि सोशोत त्या एकमेकींत मिसळतात. घरच्या जुन्या दप्तरातला मोडी कागद ज्यांनी निरखला आहे, त्यांना सोशोतला सलग हात ओळखीचा वाटेल. फरक इतकाच, की मोडीत आधी आखलेली शिरोरेषा अक्षरांना आधार देते, तर इथे तो आधार डोळ्यांनी शोधावा लागतो. जपानी बौद्ध भिक्षू कूकाई (७७४–८३५) यांनी समकालीन भिक्षू साइचो यांना लिहिलेली ‘फूशिनजो’ ही पत्रे अभ्यासासाठी उत्तम आहेत, कारण त्यांत ग्योशो आणि सोशो एकाच पानावर भेटतात. ती क्योतो येथील तोजी मंदिराच्या संग्रहात आहेत.

पुढे कधी लाल शिक्का असलेली कलाकृती समोर आली, तर तो शिक्का बोटाने झाकून पाहावा आणि त्याच्याविना पानाचा तोल कोणत्या बाजूला जातो, ते तपासावे.