या चुका टाळा: ‘आर्मीचं ओरिजिनल घड्याळ’ ऑनलाइन घेण्याआधी

तीन वर्षांपूर्वी ऐन पावसात घरी बसून मोबाईल चाळताना मी एक ब्रिटिश आर्मीचं घड्याळ मागवलं. काळी डायल, मागे बाणाची खूण (ब्रिटिश सरकारी मालावरची), खाली नंबर, आणि विकणाऱ्याने लिहिलेलं की आजोबा १९४५ मध्ये लढाईवर होते, त्यांचंच हे. चौदा हजार दिले. मग म्हापशाला एका जुन्या घड्याळवाल्याकडे सर्व्हिसिंगला नेलं, त्याने डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण फिरवून काढलं आणि मान वर न करताच म्हणाला, “हाचे भितर तर एचएमटीचें मशीन आसा मरे.” चाकाशेजारी बारीक अक्षरात ०२३१ लिहिलेलं, म्हणजे आपलं बंगळूरचं चावीवालं मशीन. मशीन झकास आहे, त्याबद्दल तक्रार नाही, पण एचएमटीचा घड्याळांचा कारखानाच मुळी १९६१ चा, सिटिझनच्या मदतीने उभा राहिलेला, मग आजोबांनी ते १९४५ ला घातलं कधी?

चूक माझी होती. मी फक्त झाकण वाचलं. झाकण, डायल आणि मशीन या तिघांनी एकाच काळाचं नाव घ्यायला पाहिजे, आणि नकली करणाऱ्याला पक्कं माहीत असतं की गिऱ्हाईक झाकणाचाच फोटो झूम करून बघणार, म्हणून तो सगळी कलाकुसर तिथेच करतो.

गोष्ट विकत घेऊ नका

गोव्यात तर गोष्टींना तोटाच नाही. कोणाचा मामा तारवटी (जहाजावर नोकरीला) असतो, कोणाला १९६१ ला पोर्तुगीज सोल्जरने पळताना घड्याळ दिलेलं असतं. मध्यंतरी एकाने मला मेसेजवर ‘मुरगाव बंदरातल्या जर्मन नेव्ही ऑफिसरचं घड्याळ’ दाखवलं, मागे गरुड वगैरे कोरलेला. आता दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता म्हणून जर्मन जहाजं मुरगावात आसऱ्याला होती हे खरं, आणि मार्च १९४३ मध्ये ब्रिटिशांनी रात्री त्यातल्या एहरेनफेल्स या जहाजावर हल्ला केला आणि जहाजं तिथेच बुडाली हेही खरं, पण ती मालवाहू जहाजं होती! त्यांच्या खलाशांकडे जर्मन नेव्हीचा शिक्का असलेलं सरकारी घड्याळ कशाला असेल? मी एवढंच विचारलं आणि झाकण उघडून मशीनचा फोटो मागितला. अजून आलेला नाही.

शिवाय शिक्क्याचं घड्याळ म्हणजे सरकारी सामान. ते स्टोअरमधून मिळायचं आणि स्टोअरलाच परत द्यायचं. त्यामुळे ‘फॅमिली पीस’ म्हटलं की मी आधी सावध होतो.

सालाचं गणित न करणं

हे फुकट आहे आणि पाच मिनिटांत होतं, तरी कोणी करत नाही. ब्रिटिशांच्या डब्ल्यू१० प्रकारच्या घड्याळांवर मागे बाण, ६६४५-९९ असलेला लांब नंबर (६६४५ म्हणजे वेळ मोजायची साधनं, ९९ म्हणजे ब्रिटन), आणि शेवटी तिरक्या रेघेनंतर साल असतं. स्मिथ्सने ही १९६७ ते १९७० केली, हॅमिल्टनने १९७३ ते १९७६, आणि सीडब्ल्यूसी ही कंपनीच १९७२ ची. म्हणजे स्मिथ्सवर ७५ दिसलं की विषय संपला.

महायुद्धातल्या ज्या ब्रिटिश घड्याळांवर डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू (वॉच, रिस्ट, वॉटरप्रूफ) असतं ती बारा कंपन्यांनी दिली: ब्युरेन, सायमा, एटर्ना, ग्राना, आयडब्ल्यूसी, जेगर लकुल्त्र, लेमानिया, लाँजिन्स, ओमेगा, रेकॉर्ड, टिमॉर, व्हर्टेक्स. तेरावं नाव दिसलं तर पुढे वाचायचीही गरज नाही. जर्मन पायलटची मोठी घड्याळं ५५ मिलिमीटरची असायची, कोटाच्या बाहीवरून बांधायची, म्हणून तेच ‘युद्धकालीन’ म्हणून ४२ मिलिमीटरचं कोणी दाखवलं तर हसून सोडून द्या.

आणि मोरजीच्या बाजूला रशियन लोकांमुळे ती सोव्हिएत घड्याळं फार दिसतात, डायलवर रणगाडा नाहीतर स्टालिन, ‘१९४२ फ्रंट’ वगैरे. त्यातली बरीच पोबेदा असतात. पोबेदा म्हणजे विजय, आणि विजय मिळाल्यावरच, १९४६ पासून, ती मोठ्या प्रमाणात बनायला लागली. रणगाडा नंतर कोणीतरी छापलेला. शोभेला घ्या हवं तर, पण शोभेच्याच भावात.

कोरीव अक्षरं नीट न बघणं

मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे ओरखडे. झाकणाचा तिरक्या उजेडातला क्लोजअप मागा. घड्याळ साठ-सत्तर वर्षं वापरलेलं असेल तर ओरखडा अक्षराच्या कडेवरून जातो, कड थोडी बोथट होते, खाचेत काळा मळ साचलेला असतो. नवीन कोरलं असेल तर उलटं दिसतं, म्हणजे जुना ओरखडा येतो, अक्षराच्या खाचेपाशी तुटतो आणि पलीकडून परत सुरू होतो, अक्षराची कड मात्र ब्लेडसारखी कोरी. माझ्या घड्याळाचे फोटो नंतर परत काढून बघितले तर बाणावर अगदी हेच होतं, तेव्हा दिसलं नाही कारण बघायचंच नव्हतं, घ्यायचं होतं.

डायल आणि रेडियम

चकचकीत काळी डायल आणि १९४५ चं घड्याळ, हे गोव्याच्या हवेत तर शक्यच नाही. आपल्याकडे कपाटातल्या चामड्याच्या चपलेला दोन पावसाळ्यांत बुरशी येते आणि यांची डायल म्हणे इथल्याच घरात साठ वर्षं राहून एक डाग नाही! नंतर परत रंगवलेल्या डायलला मिनिटांच्या रेघा जाडबारीक होतात, अक्षरं फुगतात, खालचं स्विस मेड वाकडं जातं. जवान लिहिलेली एचएमटी घेतानाही हेच बघा, २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करायचं ठरलं आणि जुन्या मॉडेलचे भाव चढले, मग ज्या रंगात कारखान्याने कधी डायल केलीच नाही अशा पिवळ्या-फिरोजी डायलीही ‘मिलिटरी’ म्हणून फिरायला लागल्या.

अंधारात चमकतं म्हणून खूश होऊ नका. तेव्हाच्या रंगात रेडियम असायचं. रेडियम टिकतं पण त्यातला चमकणारा पदार्थ कधीच जळून गेलेला असतो, त्यामुळे खरं जुनं घड्याळ रात्री आंधळं असतं. टॉर्च मारून दहा मिनिटं हिरवं झगझगत असेल तर तो रंग १९९० नंतरचा. काट्यांवरचा रंग आणि आकड्यांवरचा रंग वेगळा असेल तर काटे बदललेत का ते विचारा.

इथे एक अपवाद आहे आणि नवशिके त्यात उलट फसतात, खरं घड्याळ नकली समजून सोडतात. १९४५ च्या घड्याळावर गोलात टी असलेली डायल दिसली तर ती खोटीच असं नाही. टी म्हणजे ट्रिटियम, चमकेसाठी रेडियमच्या जागी आलेलं, आणि ब्रिटिशांनी नंतर रेडियमच्या डायली काढून त्यांच्याच वर्कशॉपमध्ये अशा डायली बसवल्या होत्या. अशा वेळी निकाल मशीन आणि झाकणाच्या आतल्या बाजूवरून लावायचा.

घेतलंच असेल तर

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, सलग, कुरिअरचं लेबल दिसेल असा. रिटर्नची मुदत संपायच्या आत झाकण उघडून घ्या, पण जाणत्याकडून आणि शक्यतो कोरड्या दिवशी, आणि तुमच्या समोर. विकणारा ‘झाकण उघडलं तर रिटर्न नाही’ म्हणत असेल तर हे पैसे द्यायच्या आधीच विचारायला हवं होतं, मी नाही विचारलं. आणि काच काढून तो जुना पिवळट रंग नखाने खरवडून बघायचा मोह झाला तर आवरा, रेडियमचं अर्धआयुष्य साधारण १६०० वर्षं आहे, चमक गेली तरी ते तिथेच असतं आणि त्याची धूळ नाकात जाता कामा नये. जेवणाच्या टेबलावर तर उघडूच नका.