जुन्या ग्राफिक्स कार्डावरचं तेल: उघडण्याआधीची तयारी

राजेहो, कॉम्प्युटरचं जुनं ग्राफिक्स कार्ड तेलकट निघालं तर आधी ते नीट पाहून घ्या, पुसणं नंतर. एकदा पुसलं की तेल कुठून निघालं याचा मागच राहत नाही, आणि कार्ड कसं वापरलं गेलंय हे बरंचसं त्या तेलावरूनच कळतं.

सकाळची वेळ धरा. छपरीत उजेड येतो तिथे टेबल मांडून त्यावर पांढरा कागद अंथरा, मोबाइलचा टॉर्च आणि टिश्यू पेपर जवळ ठेवा. कूलर बंद करा, त्याची ओली हवा आणि धूळ दोन्ही नको. आपल्याकडे हवा कोरडी झाली की नायलॉनचा शर्ट काढताना चटचट आवाज येतो. तीच स्थिर वीज चिपला मारू शकते, म्हणून अंगावर सुती कपडे असू द्या आणि कार्ड उचलण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. मग सगळ्या बाजूंनी फोटो काढा. कार्ड चालू अवस्थेत असेल तर उघडण्याच्या आदल्या दिवशी जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये लोडवरचं, म्हणजे कार्डावर भरपूर काम असतानाचं, तापमान आणि पंख्याचा वेग वहीत लिहून ठेवा.

आता तेल ओळखायचं. टिश्यूचा कोपरा नुसता टेकवा, घासू नका. डाग पारदर्शक किंवा किंचित पिवळसर आला, वास नाही, बोटांत गुळगुळीत लागतं आणि ते मेमरी चिप व पॉवरच्या कॉइलजवळ पॅडच्या कडेने पाझरलंय, तर ते सिलिकॉन तेल. थर्मल पॅड म्हणजे सिलिकॉनमध्ये उष्णता वाहून नेणारी भुकटी कालवून केलेली मऊ पट्टी. महिनोन् महिने तापली की तिच्यातलं तेल सुटतं आणि कार्डाच्या खालच्या कडेला उतरतं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डांवर गणितं चालवून ते चलन कमावणं, बंद झालं, तोवर रात्रंदिवस तापलेली कितीतरी कार्डं नंतर जुन्या बाजारात आली. त्यांच्यावर हे तेल बऱ्याचदा दिसतं. घाबरू नका, त्यातून वीज वाहत नाही. पण त्यावर धूळ चिकटते, ते स्लॉटमध्ये बसणाऱ्या सोनेरी पट्ट्यांवर गेलं तर संपर्क बिघडू शकतो, आणि तेल सुटलेले पॅड कडक झालेले असू शकतात.

पंख्याच्या मधोमध, स्टिकरभोवती काळपट तेल गोल उडालेलं असेल तर ते बेअरिंगचं. तिथे पुसून भागत नाही, पंखा घरघरत असेल तर बदलायचाच. सगळ्या कार्डावर सारखाच चिकट पिवळा थर आणि त्यात धूळ असेल तर ती फोडणीची वाफ. कार्ड स्वयंपाकघराला लागून चाललेलं. जिनिंगजवळच्या गावातल्या कार्डात तर त्यावर सरकीचे तंतू बसून नमदाच होतो.

खरी भीती पुढच्या दोन खुणांची. एखाद्या चिपच्या कडेला मधासारखा सोनेरी-तपकिरी, चिकट किंवा काचेसारखा थर असेल तर तो फ्लक्स, सोल्डरिंग करताना लावतात तो पदार्थ, म्हणजे तिथे कुणीतरी सोल्डरिंग केलेलं असू शकतं. विकणाऱ्याला विचारा, परत देण्याची मुदत असेल तर फोटो दाखवून परत करा. आणि फार जुन्या कार्डावर कपॅसिटरचं डोकं फुगलेलं, बुडाशी तपकिरी ओल, नाकाला झोंबणारा वास असेल तर पुसायला बसू नका, कारागिराकडे न्या.

सिलिकॉन तेलच आहे अशी खात्री झाली तरी सामान हाती आल्याशिवाय एकही स्क्रू काढू नका. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या भाच्यासाठी आणलेलं आरएक्स ५८० कार्ड मी आधी उघडलं आणि मग पॅड मागवले. कुरिअर गावात पोचेपर्यंत ऐन लग्नसराईत त्याचं काम अडलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. पॅडची जाडी मॉडेलप्रमाणे बदलते, १ मिमी, १.५ मिमी, २ मिमी. जास्त जाड पॅड बसवला तर हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, मुख्य चिपपासून उचलली जाते आणि कार्ड आधीपेक्षा जास्त तापतं. दबलेल्या जुन्या पॅडचं माप फसवं असतं, म्हणून तुमच्याच मॉडेलची जाडी शोधून घ्या.

पॅडसोबत थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंकमध्ये लावायची), बारीक फुलीचा स्क्रूड्रायव्हर, मऊ टूथब्रश, चष्मा पुसायचं कापड आणि ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. हे तालुक्याच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे ‘आयपीए’ म्हणून मागा. ते पेट घेतं, तेव्हा चूल, गॅस, उदबत्ती लांब. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिक खातात, रॉकेल मागे स्वतःचाच तेलकट थर सोडतं. आणि आपण कापसाच्या मुलखातले असलो तरी घरचा सुटा कापूस इथे नको, त्याचे तंतू चिपच्या पायांमध्ये अडकतात.

स्क्रू कुठला कुठे ते कागदावर कार्डाचा आकार काढून तिथेच चिकटवत जा. पंख्याची वायर ओढू नका, कनेक्टर धरून हलकेच काढा. जुने पॅड काढा. सिलिकॉन एका हातात निघत नाही. आयपीए लावलेल्या कापडाची कोरी बाजू घेऊन दोन-तीनदा पुसा, सोनेरी पट्ट्याही त्याच कापडाने. धूळ फुंकताना पाती बोटाने धरून ठेवा. नवे पॅड बसवा, चिपवर पेस्ट सगळीकडे पातळ पसरवा, चिपभोवतीचे चार स्क्रू समोरासमोर थोडे थोडे आवळा, आणि कार्ड दोन तास सावलीत वाळू द्या.

मग पुन्हा तोच लोड, वीस मिनिटं, आणि वहीतल्या आकड्याशेजारी नवा आकडा. आठवड्याने टॉर्च लावून खालच्या कडेला टिश्यू टेकवा. कोरडा आला की कॅबिनेटचं झाकण लावून टाका.