पॅकेज रिपॉझिटरीचं वर्षाचं नियोजन: या चुका टाळा

स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या लिनक्स रिपॉझिटरीच्या (तयार प्रोग्रामांचे संच, म्हणजे पॅकेजेस, जिथून मिळतात त्या साठ्याच्या) वर्षाच्या यादीत पहिलं उद्दिष्ट बहुधा ‘आणखी शंभर पॅकेजेस’ हेच असतं. चूक इथूनच सुरू होते. पॅकेज एकदा बांधलं की सुटलो, असं नसतं. सुरक्षेचे पॅच, लायब्ररी बदलली की फेरबांधणी, हे कायम मागे लागतं. आधी कोणत्या पॅकेजला सांभाळणारं एकच माणूस आहे आणि कोणत्याला कुणीच नाही, ते शोधून काढा. बेवारस पॅकेजला दोन महिन्यांची जाहीर मुदत द्या. कुणी पुढे आलं नाही तर काढून टाका.

वेळापत्रक जानेवारी ते डिसेंबर असं सरळ आखलं तर कोकणातल्या गटाचं ते हमखास फसतं. उबंटू या लिनक्सची नवी आवृत्ती एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येते, फेडोरा या दुसऱ्या लिनक्सचीही त्याच सुमारास. एप्रिल-मेमध्ये देवगड-रत्नागिरीकडचा बागायतदार स्वयंसेवक आंब्याच्या पेट्यांतून मान वर काढत नाही. ऑक्टोबरच्या उबंटूचा फीचर फ्रीज (नवे बदल घेणं थांबतं तो दिवस) ऑगस्टमध्ये, म्हणजे गणपतीच्या तोंडावर. त्यामुळे जड काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. एप्रिलच्या उबंटूचा फ्रीज फेब्रुवारीच्या उत्तरार्धात असतो. तेव्हा सगळ्या पॅकेजेसची एक चाचणी-बांधणी करून घ्या. पायथन ३.१२ मधून डिस्ट्यूटिल्स (पायथनचे प्रोग्राम बांधायचं जुनं साधन) गेलं आणि उबंटू २२.०४ वर नीट बांधली जाणारी कितीतरी पॅकेजेस २४.०४ वर अडली. असले घोळ तेव्हाच दिसतात. एलटीएस (दीर्घ आधाराची आवृत्ती) नसलेल्या उबंटूला आधार ९ महिनेच मिळतो. छोट्या गटाने एलटीएस आणि डेबियन स्टेबल (डेबियन लिनक्सची स्थिर आवृत्ती) यापलीकडे जाऊच नये.

सगळ्यात महागात पडते ती सहीच्या किल्लीची (पॅकेजेस तुमचीच आहेत हे पटवणाऱ्या डिजिटल किल्लीची) मुदत. लक्षण ओळखायला सोपं: एकाच दिवशी सगळ्यांकडे पॅकेजेस बसवणारा प्रोग्राम अ‍ॅप्ट ‘किल्लीची मुदत संपली’ म्हणतं आणि अपडेट थांबतात. मुदत वाढवायला दोन मिनिटं लागतात, पण वाढवलेली किल्ली जुनी तारीख उलटण्याआधीच लोकांपर्यंत पोचली पाहिजे. नंतर अ‍ॅप्ट तुमची रिपॉझिटरीच स्वीकारत नाही, मग किल्लीचं नवं पॅकेज जाणार कुठून? मुदतीच्या सहा महिने आधीची तारीख उद्दिष्टांत लिहा. मूळ किल्ली सर्व्हरवर ठेवू नका, तिथे फक्त सहीची उपकिल्ली (मूळ किल्लीखाली बनवलेली दुय्यम किल्ली) असू द्या. मूळ किल्लीच्या दोन प्रती दोन वेगळ्या तालुक्यांत ठेवा. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण बुडालं, हे लक्षात असू द्या.

रिलीज फाइलची (रिपॉझिटरीतल्या सही केलेल्या यादीची) ‘व्हॅलिड-अंटिल’, म्हणजे वैधतेची, मुदत ७ दिवस ठेवली आणि सही करणारं मशीन कुणाच्या घरी असलं, तर पावसाळ्यात वीज जाऊन मुदत उलटतेच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. मुदत ३० दिवस करा, पण काढून टाकू नका: जुनी यादी ताजी म्हणून कुणी पुढे करू नये, यासाठीच ती असते.

मिररवर (रिपॉझिटरीची प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवर) ‘हॅश सम मिसमॅच’ (फाइल यादीशी जुळत नाही) येत असेल तर आरसिंकचा (प्रत ताजी करणाऱ्या साधनाचा) क्रम तपासा. आधी पूल (पॅकेजेस), मग डिस्ट्स (त्यांच्या याद्या), जुन्या फाइली सगळ्यात शेवटी पुसायच्या.

तासांचा हिशेब मांडताना एक तृतीयांश वेळ मोकळा सोडा. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मागचं दार (घुसखोरीसाठी लपवलेली चोरवाट) सापडलं, तेव्हा सगळ्यांना हातातलं काम टाकून तपासणीला बसावं लागलं. शिमगा झाला की आंबा भरात येण्याआधी, नेहमीच्या माणसाला बाजूला बसवून दुसऱ्याकडून फक्त लिहिलेल्या सूचनांवरून एक पूर्ण रिलीज करून घ्या. तो जिथे अडेल, तिथली सूचना त्याच दिवशी दुरुस्त करा.