पोरं लहान असताना नवरा-बायको या चुका हमखास करतात, टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे "पोरं जरा मोठी झाली की मग बघू". अहो पण मोठी होणार कधी? पहिलं प्लेग्रुपला जायला लागतं तोवर दुसऱ्याचं डोहाळजेवण आलेलं असतं, आणि मधली चार-पाच वर्षं दोघं एकाच घरात शिफ्ट ड्यूटीवाल्यांसारखी राहतात, एक उठला की दुसरा आडवा.

मग कोणीतरी सांगतं की रोमान्स हवा, म्हणून ॲनिव्हर्सरीला केक, फुगे, सरप्राइज. इथेच गडबड होते. जी बाई रात्री तीनदा पाजायला उठलीये तिला केक नकोय, सलग पाच तास झोप हवीये. आधी झोपेची वाटणी करा, बाकी सगळं नंतर. पाजून झालं की ढेकर काढणं, लंगोट बदलणं, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणं हे सगळं बापाला येतं, दूध तेवढं येत नाही. आणि "सांग ना काय करू" असं विचारत बसू नका, कारण मग लसीची तारीख, डायपर संपत आलेत, पाळणाघराची फी हे सगळं तिच्याच डोक्यात राहतं. एक खातं पूर्ण तुमच्याकडे घ्या, लसीकरण तर लसीकरण, तिला आठवण करायला लागता कामा नये.

बायकांचीही एक चूक आहे, राग मानू नका. आपल्याकडे बाळंतपण माहेरी, त्यात नोकरीवाल्या आईला 2017 पासून कायद्याने 26 आठवडे रजा, बापाला केंद्र सरकारी नोकरी असेल तर 15 दिवस आणि खाजगीत कंपनी देईल तेवढी. म्हणजे आई बाळाला घेऊन सासरी येते तेव्हा ती एक्स्पर्ट आणि तो ट्रेनी. तो दुपटं गुंडाळायला गेला की "सोड, तुला नाही जमायचं". दोन-चारदा असं झालं की तो मोबाईल घेऊन गॅलरीत जातो, आणि मग आपणच म्हणतो की याला काही पडलेलीच नाही. गुंडाळू द्या की वाकडंतिकडं, बाळाला काही फरक पडत नाही.

आता जवळीक. डॉक्टर साधारण सहा आठवडे थांबायला सांगतात, सिझर असो वा नॉर्मल, पण सहा आठवडे झाले म्हणजे लगेच सगळं पूर्वीसारखं असं नसतं. अंगावर पाजत असताना इस्ट्रोजेन कमी असतं, त्यामुळे कोरडेपणा येतो, दुखतं, इच्छाही कमी होते. नवऱ्यांनी याचा अर्थ "हिचं माझ्यावर प्रेम राहिलं नाही" असा लावू नये आणि बायकोनेही दात-ओठ खाऊन सहन करू नये. मेडिकलमध्ये वॉटर बेस्ड जेली मिळते, तरीही दुखलं तर गायनॅकला सरळ सांगा. आणि पाजतेय म्हणजे दिवस जाणार नाहीत या भरवशावर राहू नका, ते फक्त बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस निव्वळ अंगावरचं दूध आणि पाळी परत आलेली नाही, या तिन्ही गोष्टी असतील तरच बऱ्यापैकी चालतं.

वेळेचं म्हणाल तर लोक शनिवारी रात्रीचा प्लॅन करतात, वन बीएचकेत, सासू-सासरे हॉलमध्ये, पोरगं मधोमध आडवं. कसं जमणार! त्यापेक्षा मूल पाळणाघरात असताना दोघांनी हाफ डे टाका. घरी या, नाहीतर मिसळ खायला जा, कोणाला सांगायलाच हवं असं काही नाही, आणि तेवढा वेळ पोराच्या खोकल्याचा विषय काढायचा नाही.

एक मात्र वेगळं ओळखा. बाळंतपणानंतर थोडे दिवस रडू येणं नॉर्मल आहे, पण दोन आठवड्यांच्या पुढेही उदासी, बाळाबद्दल काहीच न वाटणं, झोपायला मिळूनही झोप न येणं असं चाललं असेल तर हा रुसवा नाही आणि फिरायला नेऊन तो जाणार नाही, डॉक्टरकडे घेऊन जा. नवऱ्याने स्वतः सोबत जायचं, सासूबाईंबरोबर पाठवून द्यायचं नाही.