पुसूनही परतणारा ट्रान्समिशनचा फॉल्ट कोड: निदान कसे करावे

स्वयंचलित गिअरबॉक्सच्या गाडीत पुसलेला फॉल्ट कोड काही दिवसांनी पुन्हा उमटतो, तेव्हा पुष्कळदा कोडच्या वर्णनात ज्या भागाचे नाव आहे तोच भाग तपासणीविना बदललेला असतो. वास्तविक, नियंत्रक संगणकाला कोणत्या सर्किटमध्ये किंवा कोणत्या मापनात विसंगती आढळली, एवढेच कोड सांगतो. ती कशामुळे आली, हे शोधणे तपासणाऱ्याचे काम आहे. पी०७०० हा कोड तर निव्वळ निरोप्या आहे. गिअरबॉक्सच्या संगणकाने दोष नोंदवला आहे, इतकेच तो कळवतो आणि खरा कोड त्या संगणकातच राहतो. म्हणून केवळ इंजिनाचे कोड वाचणारा साधा स्कॅनर येथे अपुरा पडतो.

कोड पुसण्याची घाई करू नये. आधी सर्व कोड आणि त्यांसोबतची फ्रीझ फ्रेमची नोंद, म्हणजे दोष नोंदवला गेला त्या क्षणी गाडीचा वेग, इंजिनाचे फेरे, तापमान आणि भार किती होता, हे लिहून ठेवावे. त्यानंतर कोड पुसून तो केव्हा परततो यावर लक्ष ठेवावे. इंजिन सुरू न करता केवळ चावी फिरवताच कोड आला, तर तुटलेली तार, शॉर्ट किंवा सोलेनॉइडची (तेलाचा प्रवाह नियंत्रित करणाऱ्या विद्युत झडपेची) जळालेली कॉइल अशा विद्युत दोषाचा संशय आधी घ्यावा. गाडी तापल्यावरच आला, तर उष्णतेने बिघडणारा जोड किंवा तेलाचा घटलेला दाब संभवतो.

बॅटरीचा व्होल्टेज आणि ट्रान्समिशन ऑइल ही तपासणी लवकर उरकते, तरी ती वगळू नये. तेलाची पातळी उत्पादकाने सांगितलेल्या तापमानालाच पाहावी. जळका वास किंवा धातूचे कण आढळले तर दोष आतला असण्याची शक्यता वाढते. गिअरबॉक्सच्या तेलपात्रातील चुंबकावरचा बारीक राखाडी थर मात्र सहसा नेहमीच्या झिजेचाच असतो.

सर्वांत जास्त उलगडा चालत्या गाडीतील आकडे पाहिल्याने होतो. टर्बाइनच्या, म्हणजे गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या शाफ्टच्या, फेऱ्यांना आउटपुट, म्हणजे बाहेर पडणाऱ्या, शाफ्टच्या फेऱ्यांनी भागले की त्या गिअरचे गुणोत्तर मिळायला हवे: गुणोत्तर २ असेल, तर ३००० फेऱ्यांना १५०० फेरे. ॲक्सिलरेटर दाबताच हे गुणोत्तर हळूहळू ढळू लागले, तर क्लच घसरत आहे. एक आकडा अचानक शून्यावर कोसळून परत आला, तर सेन्सर किंवा त्याची वायरिंग संशयित ठरते. पी०७४१, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाच्या माध्यमातून जोडणाऱ्या भागाच्या) लॉकचा कोड असल्यास, हा लॉक लागण्याच्या वेळी इंजिन आणि टर्बाइनच्या फेऱ्यांमधील फरक पाहावा. लॉकचा आदेश गेल्यावरही तो घटत नसेल, तर कन्व्हर्टरला दोष देण्यापूर्वी सोलेनॉइड आणि तेलाचा मार्ग तपासावा.

वायरिंग तपासताना केवळ रोधाच्या मापावर विसंबू नये. एका धाग्यावर टिकलेली तारही मल्टिमीटरला शाबूत दिसते, पण भार आला की कोलमडते. म्हणून सर्किट चालू असताना व्होल्टेजची घट मोजावी, तार हलवून पाहावी आणि कनेक्टरच्या पिनांवर तेल पाझरले आहे का, हेही बघावे.

दुरुस्तीनंतर, उत्पादकाने सांगितले असल्यास, गिअर बदलाचे अनुकूलन (संगणकाला गिअर बदलण्याची पद्धत पुन्हा शिकवणे) नव्याने करून गाडी फ्रीझ फ्रेममधील वेगाला आणि तापमानाला चालवावी. ‘कायमस्वरूपी’ म्हणून साठवलेले कोड स्कॅनरने जात नाहीत. गाडीची स्वतःची चाचणी यशस्वीपणे पार पडली की ते आपोआप निघून जातात.